त्वचा शाबूत

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं ऐकून घ्यायच्या आत तू बोलायला लागतेस. म्हणून लिहायला बसले.

माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे. काल दुपारी मेट्रननं ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. आमच्या वॉर्डात एक बाई आहेत. शाळेत शिक्षिका होत्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. छातीत कफ साठला म्हणून १९ जानेवारीला दाखल झाल्या. घरी त्यांच्याकडे मुलगी बघते, एकटीच. मोठा मुलगा लांब असतो. तो सहाव्या दिवशी आला, आणि तक्रार त्याची आहे.

त्यानं लिहिलं आहे: 'आई दाखल झाली तेव्हा तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दिवसपाळीच्या सिस्टरनं तिला पाच दिवस एकाच अंगावर टाकून ठेवलं. पाठीला तळहाताएवढी जखम झाली. जाब विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांचं असंच व्हायचं.' खाली साक्षीदार म्हणून बहिणीची सही.

आत्या, ते वाक्य मी बोललेले नाही. आणि बाईंना मी दर दोन तासांनी वळवत होते. त्यांचा डावा हात चांगला आहे. वळवलं की माझं बोट धरून ठेवायच्या, सोडायच्याच नाहीत. मी म्हणायची, "बाई, तास संपला, घंटा झाली." मग हसायच्या, अर्ध्या तोंडानं.

सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आहे. मग चौकशी समिती बसेल. ठपका आला तर वॉर्ड जाईल. त्याहून वाईट काही ठरलं तर नर्स म्हणून माझी नोंदणीच जाईल, आणि मग कुठल्याच हॉस्पिटलात उभं करणार नाहीत. आमची इन्चार्ज सिस्टर म्हणते, "हात जोड, माफी माग, सुटशील."

काय करू? तू सांगशील ते करते.

तुझी
भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरे,

माफी? कशाची गं माफी? माफीचा कागद म्हणजे गुन्ह्याची पावती, तीसुद्धा तुझ्याच अक्षरात. तुझ्या इन्चार्जला विचार, तिनं आजवर किती पोरींना असं हात जोडायला लावून आपली खुर्ची सांभाळली आहे.

एकतीस वर्षं मी वॉर्डात उभी होते. औषध संपलं, ओरडा सिस्टरवर. डॉक्टर उशिरा आला, ओरडा सिस्टरवर. छत गळलं, तेही सिस्टरनंच गळवलं. का? तर सिस्टर समोर उभी असते. ज्यांच्यामुळे खाटा वाढतात आणि माणसं वाढत नाहीत, ते कधी कुणाच्या समोर उभे राहिलेले पाहिलेस? त्यांच्या दारावर पडदा असतो, आत पाणी न्यायला माणूस असतो. आपल्याकडे फक्त तोंड असतं, तेही मिटून ठेवायला शिकवतात. मी मिटलं नाही. वॉर्डाला दुसरी नर्स द्या म्हणून आम्ही काम थांबवलं, तेव्हा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभी राहून मी सव्वा तास बोलले. ते सगळे आत बसून ऐकत होते. महिन्यात दुसरी नर्स आली. खरं नीट मांडलं की माणसं ऐकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुस्तकातलं सांगत नाही.

आता कामाचं. पडून पडून होणारी तळहाताएवढी जखम पाच दिवसांत होत नाही. ती घरून आलेली आहे. रुग्ण दाखल झाला की पहिल्यांदा त्याला कुशीवर वळवायचं, मानेपासून टाचेपर्यंत बघायचं, आणि खाटेपासून हलायच्या आत लिहायचं. हे मी तुला कॉलेजच्या आधी शिकवलं होतं, उशीला बाहुली समजून. तेव्हा १९ तारखेचा कागद काढ. समितीच्या टेबलावर ठेव. शांत बस. तुला बोलावंच लागणार नाही.

आणि जेवत जा. भांडायला अंगात ताकद लागते.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

उत्तर दिलं. माफी मागितली नाही. 'आरोप मान्य नाहीत' एवढंच लिहिलं.

पण कागदाचं तू म्हणतेस तसं नाही. १९ तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: त्वचा शाबूत. २० ला, पाठ लालसर. २१ ला, साल गेलेली. २३ ला, जखम, ड्रेसिंग केले. घाईत राहून गेलं असेल. त्या दिवशी एक्केचाळीस पेशंट होते आणि आम्ही दोघी. त्यातली एक दुपारी दुसऱ्या वॉर्डात ओढली.

सर्जननं जखम बघितली तेव्हा पॅसेजमध्ये मला म्हणाला, "सिस्टर, हे किमान तीन आठवड्यांचं आहे." मी म्हटलं, "सर, तेवढं लिहून द्या." तर त्यानं लिहिलं, 'कालावधी निश्चित सांगता येत नाही.' नंतर चहाच्या वेळी समोर आला, तर भिंतीवरची नोटीस वाचायला लागला. सहा महिन्यांपूर्वीची नोटीस.

बाकी ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत? खालचे शिंपीमामा तुझी पत्रं वेळेवर टाकतात ना? इथे गारठा कमी झाला.

समितीची तारीख ६ मार्च.

तुझी
भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

गारठ्याच्या बातम्या मला नकोत.

घाईत राहून जातं तेव्हा कागदावरची जागा रिकामी राहते. तुझी रिकामी नाही. तिथे 'शाबूत' लिहिलं आहे. आणि जखम अशी शहाण्या मुलीसारखी रोज एक पायरी उतरत नाही. आज लालसर, उद्या साल, परवा जखम! तशी ती फक्त परीक्षेच्या उत्तरात उतरते. मी हजार पाठी पाहिल्या आहेत. तो कागद मी न बघता सांगते, तू बसून रचलेला आहे.

पाठ न बघता तू रुग्ण ताब्यात घेतलास असं देवानं येऊन सांगितलं तरी मी त्याला परत पाठवीन.

कुणाला पाठीशी घालते आहेस?

उलट टपाली लिही. खरं लिही.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्यापुढे माझा कधी टिकाव लागला आहे?

पाठ मी पाहिली होती. मी आणि वॉर्डातल्या मावशी, दोघींनी मिळून बाईंना कुशीवर घेतलं. मुलगी पायथ्याशी उभी होती. माकडहाडावर जखम होती. जुनी. कडा काळ्या, मधे पिवळी. आणि वर काय होतं सांगू? चेहऱ्याला लावायची पावडर. वास येऊ नये म्हणून थापलेली.

मी पेन काढलं, तर मुलीनं पुढे येऊन माझं मनगट धरलं.

"सिस्टर, ते लिहू नका."

"लिहावंच लागतं, ताई."

"दादा येणार आहे. तो आल्या आल्या कागद मागेल. दोन वर्षं फोनवर विचारतोय, आईचं सगळं नीट करतेस ना? मी म्हणते, हो रे. आता काय सांगू? तिचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे हो. मला वळवता येत नाही ती. रोज सकाळी ठरवते, आज वळवायचंच. मग कंबर धरते आणि तशीच बसते तिच्याशेजारी."

तिचे निम्मे केस काळे आणि निम्मे पांढरे होते. रंगवायचं मधेच सोडून दिलेलं असावं. बाई भिंतीकडे तोंड करून होत्या, पण त्यांना ऐकू येतं. डाव्या हातानं गादी घट्ट धरली होती.

मावशी म्हणाल्या, "राहू द्या ना सिस्टर. लिहिलं काय, न लिहिलं काय, धुणार तर आपणच."

मी लिहिलं, त्वचा शाबूत. आणि त्याच तासाला जखम धुतली. पुढच्या पाळीच्या सिस्टरला तोंडी सांगितलं. मग ठरवलं, कागदावर रोज थोडं थोडं उतरवत खऱ्यापर्यंत आणायचं. म्हणजे मुलीवर काही येणार नाही. वॉर्डात झालेल्या जखमेबद्दल आमच्याकडे कोण विचारतं? अशा डझनभर असतात. आपण धुतो, लिहितो, पेशंट घरी जातो. मी हिशेबच धरला नाही की कुणी खरोखर विचारेल.

सहाव्या दिवशी तो आला आणि स्वतःच चादर उचलली. "हे कधी झालं?" असं इतक्या जोरात विचारलं की शेजारच्या खाटेवरची आजी रडायला लागली. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आणि म्हणाली, "इथेच झालं." मी तिच्या जागी असते तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही.

आता ऐक. नियम मी नीट वाचले आहेत. 'दुर्लक्ष' सिद्ध झालं तर सहा महिने घरी, आणि मग वॉर्डाबाहेर कुठेतरी. 'खोटी नोंद' सिद्ध झाली तर प्रकरण नर्सिंग कौन्सिलकडे, आणि नोंदणी कायमची रद्द. म्हणजे त्याचं खोटं मला झेपतं, माझं खरं झेपत नाही. म्हणून मी दुर्लक्ष मान्य करणार आहे. तुला पटणार नाही. न पटू दे.

अजून एक. बाबा गेले तेव्हा, न्यायच्या आधी, त्यांचं अंग मी पुसलं. तू तेव्हा बाहेर लोकांशी बोलत होतीस. मी त्यांची पाठ पाहिली. तुला कधी विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. त्या मुलीनं मनगट धरलं तेव्हा मला तू दिसलीस, इतकंच.

कुणालाही सांगू नकोस.

तुझी
भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र तीन दिवस उशीखाली होतं. काढायची, दोन ओळी वाचायची, पुन्हा ठेवायची.

तू पाहिलं होतंस तर. दोन वर्षं माझ्याशी बोललीस, हसलीस, माझ्या गुडघ्यांना तेल पाठवलंस, आणि तुला माहीत होतं.

तीनशे पोरींना मी दर दोन तासांनी वळवायला शिकवलं. न वळवणाऱ्या पोरीला चार लोकांत उभं करून बोलले आहे. एकीनं नोकरी सोडली होती माझ्या बोलण्यानं. आणि माझा सख्खा धाकटा भाऊ माझ्या घरात, माझ्या हाताखाली, अकरा महिने पडून होता. त्यातले शेवटचे तीन महिने माझे हात चालेनात. तुझ्यासारखाच उंच, आणि पडून पडून जड झालेला. दोनदा शिंप्याला वर बोलावलं. तिसऱ्यांदा लाज वाटली. मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाईला माणूस वळवता येत नाही, हे कुणाला कळायला नको होतं. तू फोनवर विचारायचीस, बाबा कसे आहेत? मी म्हणायची, मस्त! तो तिथेच असायचा, ऐकत. एकदाही माझं खोटं त्यानं उघडं पाडलं नाही.

म्हणजे तू हे माझ्याच घरातून शिकलीस. झाकणं. चादर ओढून घेणं.

पण आता पुरे. चादरीखाली जखम बरी होत नाही, चरत जाते, हे तुला आणि मला नाही तर कुणाला कळायचं? तिथे एका पोरीनं झाकलं आणि इथे तू जाणार. उद्या तुझ्या जागी येईल तीही भिऊन झाकेल. आणि एक्केचाळीस माणसांना दोन जणी देणारा माणूस पडद्यामागे तसाच बसेल.

म्हणून मी काल समितीला पत्र पाठवलं. चार पानं. त्यातलं थोडं तुला उतरवून देते:

'ज्या मुलीनं तुमच्या वॉर्डात एक्केचाळीस देह सांभाळले, तिनं एका थकलेल्या लेकीची अब्रूही सांभाळली, एवढाच तिचा अपराध आहे. तिनं कागद खोटा लिहिला, पण जखम खरी धुतली. तुमच्याकडे याच्या उलट किती चालतं, हे स्वतःला विचारा. त्या लेकीलाही दोष देऊ नका. मी स्वतः तीच लेक आहे. शिक्षा द्यायची असेल तर जिथे दोन बायकांच्या पाठीवर एक्केचाळीस माणसं ठेवली जातात, त्या टेबलापासून सुरुवात करा.'

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. नियमाची भीती घालू नकोस मला. नियम माणसं वाचतात, आणि माणसाला पाझर फुटतो. एकदा मनापासून बोलून बघितलं पाहिजे.

ताठ बस त्या दिवशी.

आत्या


९ मार्च

आत्या,

ताठ बसले होते.

मेट्रनच्या ऑफिसशेजारची खोली. लांब टेबल, काचेखाली जुनी कॅलेंडरं. अधीक्षक मधे, मेट्रन उजवीकडे, आणि डावीकडे बाहेरचे सदस्य, ते वकील आहेत. समोरच्या बाजूला भाऊ, बहीण आणि मी, एका ओळीत. माझी खुर्ची बहिणीच्या शेजारी होती. तिच्या पर्सचा पट्टा ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

तुझं पत्र वकिलांनी मोठ्यानं वाचलं. चारही पानं. चांगलं वाचलं त्यांनी. 'जखम खरी धुतली' आलं तेव्हा थांबून "वा" म्हणाले. नंतर चष्मा काढून पुसला.

अधीक्षकांनी बहिणीला विचारलं, "ताई, यात तुमच्याबद्दल लिहिलंय. खरं आहे?"

ती म्हणाली, "नाही."

"जखम घरी नव्हती?"

"नव्हती."

भाऊ उसळला. "ही काय नवीन भानगड? कोण या बाई? आमच्या घरात कधी पाऊल टाकलंय त्यांनी?"

मग वकील माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमच्या आत्या लिहितात ते खरं असेल तर तुम्ही सलग तीन दिवस खोट्या नोंदी केल्यात. तसं असेल तर हा विषय आमच्या हातात राहत नाही, कौन्सिलकडे जातो. शांतपणे सांगा. खरं आहे का?"

मी काचेखालच्या कॅलेंडरांकडे बघत राहिले. बहीण श्वास धरून बसली होती, ते मला शेजारी कळत होतं. तेवढ्यात मेट्रन फाइल चाळत, वर न बघता म्हणाली, "सिस्टर, आत्यांचं वय काय?"

"शहात्तर."

"एकट्या राहतात?"

"हो."

"आठवणीचं कसं आहे त्यांच्या?"

आत्या, तिनं दार उघडून धरलं होतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

मी म्हटलं, "हल्ली गोंधळ होतो त्यांचा."

तू ती खोली पाहायला हवी होतीस. एका वाक्यानं सगळे सैल झाले. अधीक्षक म्हणाले, "होतं, होतं. आमच्या सासूबाई मला रोज नव्यानं ओळख विचारतात." वकिलांनी पत्राची घडी घातली. कुणीतरी पाणी मागवलं. पुढे कुणी काही विचारलं नाही, ना पाठीबद्दल, ना एक्केचाळीसबद्दल. तू चार पानं खरं लिहिलंस आणि कुणाला पटलं नाही. मी चार शब्द खोटं बोलले, ते सगळ्यांना पटलं.

दुर्लक्ष सिद्ध. सहा महिने घरी, मग कपड्यांच्या स्टोअरमध्ये. मला वॉर्ड कायमचा बंद. मी सही केली. बाहेर पडताना बहीण एकदा माझ्या अंगावरून गेली, पुन्हा मागे आली, आणि भावाच्या मागे निघून गेली. बाईंना त्यांनी दुसरीकडे हलवलं आहे. कुठे, ते विचारायचा मला आता अधिकार नाही.

एवढ्यावर संपलेलं नाही. भाऊ म्हणतो, बहिणीची बदनामी झाली. पत्र लिहिणारी बाई खरोखर भ्रमिष्ट आहे का, हे लेखी पाहिजे, नाहीतर तो वर जाईल. म्हणून समितीचा माणूस तुझ्याकडे येणार आहे. त्याला काय सांगायचं ते मी सांगत नाही. तुझ्याकडे काही मागायची माझी लायकी त्या खोलीत राहिली.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी दोन आठवडे नुसती धुमसत होते. 'गोंधळ होतो त्यांचा.' जेवताना तेच, आंघोळ करताना तेच. माझ्याकडे आयुष्यात काय होतं? ना घर मोठं, ना संसार. माझा शब्द होता. मी उभी राहिले की लोक गप्प व्हायचे. तोच तू चार शब्दांत मोडून ठेवलास, तोही माझा जीव वाचवायला नव्हे, तुझी नोंदणी वाचवायला.

ठरवलं होतं, येऊ दे तो माणूस. तारखा, पाळ्या, खाटा, नियमांची कलमं, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवते. कुणाचं डोकं ठिकाणावर नाही ते लिहून घेऊन जा म्हणते. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. चांगलं झालं होतं.

गेल्या मंगळवारी सकाळी तो आला. तिशीचा असेल. गरीब स्वभावाचा, घामेजलेला. जिने चढून आलेला, म्हणून मी आधी पाणी दिलं. त्यानं टेबलावर दोन कागद मांडले. एक माझं पत्र. दुसरा टाइप केलेला, कौन्सिलच्या नावानं, त्यात तुझा नोंदणी क्रमांक. सगळं भरलेलं, फक्त तारीख मोकळी.

म्हणाला, "आजी, हे पत्र तुम्ही लिहिलंय का? तुम्ही हो म्हणालात, तर मला हा दुसरा कागद पुढे पाठवावा लागेल. मला तसं करायची इच्छा नाहीये, पण काम आहे."

मी पत्र हातात घेतलं. भिंगरे, चांगलं पत्र आहे गं ते. आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही मी.

मी म्हटलं, "कुणाचं रे अक्षर हे? छान आहे."

"तुमचंच ना, आजी?"

"माझं? मी कुठे लिहिते. तू शिंप्याचा भाऊ ना?"

तो गोंधळला. त्याचं नाव मी तीन वेळा विचारलं. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा पाणी आणून दिलं, आणि तिसऱ्यांदा आणलं तेव्हा तो ते मुकाट्यानं प्यायला. तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, शाळेत गेलीय, येईल इतक्यात. मग त्यानं विचारलं, "आजी, घरात अजून कोण असतं?"

मी म्हटलं, "भाऊ आहे माझा. आत झोपलाय. आत्ताच वळवून आले त्याला."

तो उठला, आतल्या खोलीत डोकावला. रिकामी खाट पाहिली. परत येऊन बसला तेव्हा त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. कौन्सिलचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला आणि एका कोऱ्या कागदावर लिहायला लागला. लिहून झाल्यावर म्हणाला, "सही करता येईल का?"

मी अंगठा पुढे केला.

त्यानं शाईची डबी काढली, माझा अंगठा स्वतः धरून टेकवला, आणि आपल्या रुमालानं पुसून दिला. जाताना खाली शिंप्याला सांगून गेला, "आजींकडे लक्ष ठेवा. गॅस वगैरे." तेव्हापासून शिंपी दिवसातून दोनदा वर येतो, माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतो. गल्लीतल्या बायकाही तशाच बोलतात. मी बघते त्यांच्याकडे.

म्हणून हे पत्र मी त्याच्याकडे दिलेलं नाही. गुडघ्यांत कळ येईपर्यंत चालत जाऊन लांबच्या पेटीत टाकते आहे. यापुढे लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. पोस्टमन माझं टपाल शिंप्याच्या दुकानात ठेवतो, आणि काही न आठवणाऱ्या बाईला दर आठवड्याला पत्र आलेलं कुणाच्याही नजरेत भरेल. तो भाऊ अजून स्वस्थ बसलेला नाही, हे विसरू नकोस. भेटायला येशील तेव्हा माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोल. दार लावलं तरी.

माझी सगळी पत्रं जाळून टाक. मी तुझी आज सकाळी जाळली. चोवीस तारखेचं तेवढं शेवटी, दोनदा वाचून.

आत्या